धोक्याच्या चौकटीत होय

आधीच सांगून टाकते. एका छोट्या डम्पिंगला कुंपण घालून गेट बसवायचं ठरत होतं, आणि त्याच्या मुळाशी मी टाइप केलेला एक शब्द होता. दोन अक्षरी. गेट बसलं की तिथे रोज भंगार वेचणाऱ्या साठेक बायकांचं काम बंद होणार होतं. वर कागदावर असं दिसत होतं की बायांनो, तुम्हीच तर ‘होय’ म्हणालात. गोष्ट गेल्या वर्षीची, पण अजून आठवली की चिडचिड होते. कोणावर चिडायचं तेही धड ठरत नाही, म्हणून लिहून काढतेय.

मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, समाजशास्त्र. आमच्या सरांना एक अभ्यास मिळाला होता, शहरातला कचरा, त्याचा पुन्हा होणारा वापर आणि त्या कामातली जोखीम. अहवाल वॉर्डातल्या एका कमिटीला द्यायचा होता. सरांनी मला घेतलं ते मी हुशार म्हणून नाही. मी घाटकोपरला टायपिंगच्या क्लासला जायचे आणि माझा मराठीचा स्पीड चांगला होता, म्हणून घेतलं. मोबदल्यात त्याच विषयावर माझा प्रबंध करायला परवानगी. मला काय, मी उड्याच मारत होते.

पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं. घर, कचरापेटी, डम्पिंग, वेचणारी बाई, काटेवाला, गोदाम, कारखाना, दुकान आणि परत घर. म्हणाले, “कचरा संपत नाही, तो फिरतो. तू आज फेकलेली दुधाची पिशवी सहा महिन्यांनी बादली होऊन तुझ्याच मोरीत येते.” मला हे इतकं भारी वाटलं ना की आठवडाभर मी दिसेल त्याला वर्तुळ काढून दाखवत होते. शेजारच्या काकूंना, टायपिंगच्या बाईंना, वाण्याला. वाणी म्हणाला, “ताई, पिशवी देऊ की नको ते सांगा.” आई आमची मालवणची, तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाली, “शिकान शिकान शेवटी उकिरड्यारच पोचलंस मा गो?”

तर प्रश्नावली. सरांनी ती हाताने लिहून दिली होती, मी टाइपरायटरवर मेणकागदाचं स्टेन्सिल कापायचं आणि त्यावरून सायक्लोस्टाइल करून प्रती आणायच्या. अकरावा प्रश्न असा होता: या कामात तुम्हाला जोखीम जाणवते का? पुढे दोन चौकटी, होय आणि नाही.

जोखीम. मी अडले. आमच्या घरी जोखीम म्हणजे दागिने. लग्नाला जाताना आई माझ्या मांडीवर पिशवी ठेवते आणि कानात सांगते, “जोखीम आसा, हातातली सोडू नको.” डम्पिंगवरच्या बाईला जाऊन मी विचारणार, बाई तुम्हाला जोखीम जाणवते का? ती म्हणेल, असती तर इथे आले असते का? शिवाय खरं सांगायचं तर क्लासच्या मशीनची दीर्घ वेलांटी उडायची आणि स्टेन्सिलवर खाडाखोड करायची म्हणजे तो लाल लेप लावा, सुकवा, परत टाइप करा. मी सरांना विचारलं, “सर, जोखीमऐवजी धोका घालू? बोलीभाषा आहे. सगळ्यांना कळेल.”

सर वर न बघता म्हणाले, “घाल. लोकांची भाषा तुला जास्त माहीत.”

मी घातला, आणि वर स्वतःवर खूशही झाले. बघा, पुस्तकी शब्द काढून लोकांचा शब्द आणला.

डम्पिंग हायवेच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला होतं. देवनारसारखं अवाढव्य नाही, नावसुद्धा नव्हतं त्याला. बसचा कंडक्टर नाकावर रुमाल धरून “कचरा, कचरा” असं पुकारायचा आणि मी एकटी उतरायचे, सगळी बस माझ्याकडे बघायची. तिथे मला एक मावशी भेटल्या. पन्नाशीच्या असतील, सोलापूरकडच्या. एका पायात पुरुषाचा गमबूट, दुसऱ्यात चप्पल. बाकीच्या बायका त्यांचं ऐकायच्या. त्यांनी हो म्हटलं म्हणून सगळ्या माझ्यासमोर बसल्या, नाहीतर कोण बसतंय.

पहिला फॉर्म त्यांचाच भरला. मी विचारलं, “मावशी, रोज साधारण किती कचरा उचलता?”

“कचरा? आम्ही न्हाई कचरा उचलत.”

“मग हे काय?”

“कचरा तुम्ही टाकता. आम्ही माल उचलतो. लिही, माल.”

बाजूच्या बायका हसल्या. मला तर अंगावर काटा आला, म्हणजे काय वाक्य आहे यार. मी फॉर्मच्या कडेला लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सरांना उत्साहाने दाखवलं तर म्हणाले, “कडेला लिहायचं नाही. कडेचं मी मोजू कसं? चौकटीत टिक कर आणि पुढे जा.”

म्हणून मी चौकटीत टिक करत पुढे गेले. हे सरांवर ढकलत नाहीये. मला आवडतच होतं ते, पटापट.

अकराव्या प्रश्नाला तर कोणी क्षणभरही थांबायचं नाही. या कामात धोका आहे का? “हाय की.” “रोजचाच हाय.” “धोक्याबिगर दिवस जातो व्हय.” एकूण एक फॉर्मवर होय. एका बाईने तर वर दोन्ही हात आभाळाकडे केले आणि म्हणाली, “मेल्याचा हात झडेल हात.” शेरा लिहायला एक ओळ होती तिथे मी लिहिलं, हाताला इजा. खरंच लिहिलं. तो फॉर्म अजून माझ्याकडे आहे आणि मी तो कोणाला दाखवत नाही.

फॉर्मच्या खाली नाव आणि अंगठा. काहीजणींनी अंगठा द्यायला नकार दिला, म्हणाल्या कागदावर अंगठा दिला की काहीतरी जातंच. काही तेव्हा गावी गेल्या होत्या. त्यांना मी सोडून दिलं. सर म्हणाले, हरकत नाही, पुरेसे आहेत.

उत्तरांचा तक्ता टाइप करून दिला त्या दिवशी सर खूश. “एवढं स्वच्छ उत्तर फील्डमधून येत नाही कधी,” म्हणाले. आणि चौथ्या प्रकरणाच्या शेवटी त्यांनी शिफारस लिहून माझ्या हातात ठेवली, टाइप करायला. सर्व स्त्रियांनी काम धोकादायक असल्याचे मान्य केले असल्याने सदर जागेस कुंपण घालावे व प्रवेशावर नियंत्रण ठेवावे. कमिटीची मीटिंग पुढच्या सोमवारी होती.

माझ्या डोक्यात तेव्हा काहीही चमकलं नाही. उलट मला वाटलं, वा, आपल्या कामाचा उपयोग होतोय, बायकांना कोणीतरी विचारतंय. मी ही बातमी द्यायला दुसऱ्याच दिवशी डम्पिंगवर गेले. इतकी शहाणी मी.

मावशी बसून काच निवडत होत्या. डाव्या तळव्याला चिंधी बांधलेली, चिंधी काळपट झालेली. दवाखान्यातून फेकलेली इंजेक्शनची बाटली हातात फुटली होती म्हणे. मी म्हटलं, “बघा ना मावशी, हेच. म्हणूनच तुम्ही सगळ्यांनी धोका आहे म्हणून सांगितलंत ना. आता कमिटी काहीतरी करणार आहे.”

“हाताचं काय त्यात?”

“धोका म्हणालात ना तुम्ही.”

“हाताला कसला धोका? काच हाय, कापणारच. काच काय गोड बोलून कापती का?” त्यांनी मान वळवून पलीकडे दाखवलं, तिथे टपरीसमोर तराजू टांगलेला होता. “धोका तो देतो. काटेवाला. अंगठा लावून वजन मारतो. पाचाचं चार करतो. तुला तेच सांगितलं की आम्ही.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि माझे कान गरम झाले. धोका. अर्थातच. ती सगळी माणसं, काटेवाला, गोदामवाले, ट्रकवाले, हिंदीतच बोलतात, बायका दिवसभर त्यांच्याशी हिंदीतच भांडतात. त्याने धोका दिला, हा धोकेबाज आहे. मी विचारत होते जिवाचं आणि त्या सांगत होत्या फसवणुकीचं. मी उठून एकेकीकडे गेले. काटेवाला. काटेवाला. काटेवालाच. आभाळाकडे हात करणारी म्हणाली, “त्याचाच हात झडेल म्हणलं मी. दुसरा कुणाचा?” एक जरा लाजून म्हणाली, “मला वाटलं तुम्ही नवऱ्याचं विचारताय. त्यालाबी होयच हाय.”

त्यावर सगळ्या खो खो हसल्या. मी हसले नाही, कारण मला आता गेटचं सांगायचं होतं. सांगितलं. कुंपण, गेट, वॉचमन, आत कोणी नाही.

मावशींनी काचेचा तुकडा खाली ठेवला. “म्हणजे आमच्या होयवर आम्हालाच बाहेर काढणार?”

“मी थांबवते. मी सरांना सांगते.”

“तो अंगठा लावून मारतो,” त्या म्हणाल्या, “तू अंगठा घेऊन मारलंस.”

मी बस येईपर्यंत हायवेवर उभी राहिले आणि मनात सरांशी भांडून घेतलं. मनातल्या भांडणात मी जिंकले.

खऱ्यात असं झालं. मी सरांना सगळं सांगितलं, भरभर, श्वास न घेता. सर ऐकत होते, मध्ये चष्मा पुसत होते. मग म्हणाले, “त्या बाईच्या हाताला काच लागली होती की नाही?”

“लागली होती, पण...”

“पिकला होता हात?”

“हो, थोडा.”

“मग काम धोकादायक आहे की नाही? मग तक्ता खोटा कसा?”

आता इथेच माझी वाट लागली. कारण हात खरंच पिकला होता. मी स्वतः बघितलं होतं. धोका होता, फक्त त्यांनी सांगितलेला तो नव्हता. म्हणजे उत्तर बरोबर, प्रश्न चुकलेला, असं काहीतरी. मी म्हटलं, “सर, पण त्यांना काम बंद नकोय. त्यांना काटा नीट हवाय. आपण काट्याबद्दल एक ओळ लिहिली नाहीये.”

“काट्याबद्दल प्रश्नच नव्हता फॉर्ममध्ये.”

“मग परत विचारू या. मी चार दिवसांत करते. मी टाइप करते, मीच जाते.”

“मीटिंग सोमवारी आहे.”

“तक्ता काढून टाका मग.”

“तक्ता काढला की तो निबंध होतो. शाळेत पाठव.”

मग मला फळ्यावरचं वर्तुळ सुचलं. मी म्हटलं, सर, गेट लावलं की वेचणाऱ्या बाईच्या जागीच तुमचं वर्तुळ तुटतं, मग पिशवीची बादली कोण करणार? मला वाटलं, आता सापडले. सर शांतपणे म्हणाले, “वर्तुळ प्रकरण दोनमध्ये आहे. जोखीम प्रकरण चारमध्ये. मिसळू नकोस.”

रडू येत होतं ते रागाचं, पण समोरच्याला ते रागाचं आहे हे कळत नाही हा त्यातला अजून एक ताप. सरांना दया आली असावी. ते वाईट नाहीत, हे मला लिहायलाच हवं. त्यांनी पेन काढलं आणि शिफारशीच्या खाली एक ओळ वाढवली: मात्र सर्वेक्षणात नोंद झालेल्या स्त्रियांच्या उपजीविकेचा सहानुभूतीने विचार व्हावा. आणि तळटीप लिहायची परवानगी दिली. मी तळटिपेत लिहिलं की धोका या शब्दाचा काही उत्तरदात्यांनी फसवणूक असा अर्थ घेतला असण्याची शक्यता आहे. मी ‘सर्व’ लिहिलं होतं, सरांनी ‘काही’ केलं. ‘घेतला’ लिहिलं होतं, त्याचं ‘घेतला असण्याची शक्यता’ झालं.

घरी आले तर आईने विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुका आधी माका विचारूक काय झाला होता?” म्हणजे तिला विचारलं असतं तर शब्द कळला असता असं तिचं म्हणणं. बरोबरच होतं. ती रोज बाजारात काट्यासमोर उभी राहते.

सोमवारी मीटिंग झाली. तळटीप कोणी वाचली की नाही माहीत नाही. सहानुभूतीची ओळ मात्र वाचली, आणि तिचं जे केलं ते कोणाच्या बापाला सुचलं नसतं. गेट बसणार, वॉचमन बसणार, पण ‘सर्वेक्षणात नोंद झालेल्या’ बायकांना आत सोडणार. म्हणजे ज्यांचा फॉर्म आहे त्यांना. माझे फॉर्म आता आत जायचे पास झाले.

मावशींना आणि बऱ्याच जणींना आत जाता येणार म्हणून मला पहिल्यांदा हायसं वाटलं. ते अर्धा दिवस टिकलं. संध्याकाळच्या आत लक्षात आलं की अंगठा द्यायला नाही म्हणणाऱ्या बाहेर. गावी गेलेल्या बाहेर. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, म्हणजे ज्या शहाण्या होत्या, त्या बाहेर. मी डम्पिंगवर गेले तर मावशी अकराजणींना घेऊन बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “यांचं कर.”

मी वॉर्डाच्या ऑफिसात गेले. तिथले एक कारकून तसे बरे होते, चहा वगैरे विचारला. म्हणाले, “शनिवारपर्यंत फॉर्म आणा, फाइलला लावून टाकतो. मागाहून कोणी बघत नाही.” मी इतकी खूश झाले की सकाळच्या बॅचला जाऊन नवं स्टेन्सिल कापलं. आणि या वेळी शहाणपणाने. अकरावा प्रश्न दोन तुकड्यांत केला: काम करताना इजा होते का? मालाच्या वजनात फसवणूक होते का? दोन प्रश्न, चार चौकटी. वेलांट्या उडाल्या तरी लाल लेप लावून लावून नीट केलं. एकेक अक्षर वाचून बघितलं. मला वाटलं, उशिरा का होईना, निदान अकरा बायकांना तरी मी बरोबर विचारीन, आणि ते फाइलमध्ये राहील, कोणीतरी कधीतरी काढून वाचेल.

कारकुनांनी नमुना हातात घेतला, जुना फॉर्म शेजारी ठेवला आणि दोन्हींवरून बोट फिरवत खाली आले. अकरावर बोट थांबलं.

“हे वेगळं आहे.”

“हो, आधीचं चुकलं होतं. शब्दाचे दोन अर्थ होत होते.”

“असेल. पण फाइलला जुना आहे. शब्द बदलला की नमुना बदलला. नमुना बदलला की मंजुरी परत.”

“मंजुरीला किती दिवस?”

त्यांनी खांदे उडवले. “ताई, तुम्हाला बायका आत पाहिजेत की शब्द बरोबर पाहिजे?”

मला दोन्ही पाहिजे होतं. मी तसं म्हटलं नाही. मी क्लासला परत गेले. टायपिंगच्या बाईंनी स्टेन्सिल कशाला वाया घालवतेस म्हणून बोलून घेतलं. मी जुनंच परत कापलं, सगळंच्या सगळं, या कामात तुम्हाला धोका जाणवतो का. माझा स्पीड चांगला आहे, फार वेळ लागला नाही.

शुक्रवारी दुपारी आम्ही टपरीच्या मागे बसलो. समोर गेटचे खांब आले होते, अजून उभे केले नव्हते, तिथेच आडवे पडले होते, आणि दोघीतिघी त्यांच्यावरच बसल्या होत्या. पलीकडे काटेवाला वजन करत होता आणि आमच्याकडे बघत होता. मी नाव लिहायचे, वय अंदाजे लिहायचे, रोज किती कचरा याला मुकाट्याने आकडा टाकायचे. अकरावा आला की मी थांबून सांगायचे, हे बघा, याचे दोन अर्थ आहेत, एक असा, एक असा. पहिल्या दोघींना सांगितलं. तिसरीने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तू काय लिहिणार?”

“होय.”

“कशाला होय?”

“तुम्ही सांगाल त्याला.”

“दोन्हीला लिही.”

“होयची चौकट एकच आहे.”

तिने मावशींकडे बघितलं. मावशी पिकलेला हात मांडीवर उताणा ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, “अंगठा दे आणि ऊठ. मागं आठजणी हायत.”

तिने अंगठा दिला. मी चौकटीत टिक केली आणि पुढचीला बोलावलं.